थोरलीचा घोट

७ फेब्रुवारी, मंगळवार

बाबांनी आज माझी बिअर थुंकली.

रागाने नाही, सवयीने. निवृत्त होईपर्यंत चहाच्या कंपनीत चव बघण्याची नोकरी केली त्यांनी. त्या कामात कोणी गिळत नाही. चमच्याने ओढायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, शेरा द्यायचा, पुढचा पेला. गिळत बसले असते तर संध्याकाळपर्यंत पोटात बादलीभर चहा.

खरं तर ते आत येणारच नव्हते. मी डबा घरी विसरले होते, तो दारात देऊन परत फिरायचं असा बेत. लेक जिथे दारू गाळते तिथे पाऊल ठेवायचं नाही. (गाळत नाही, आंबवते. दहा वेळा सांगून झालंय.) पण डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून आत आणलं. डॉक्टर म्हणजे आमचे मालक. दातांचे डॉक्टर होते, दवाखाना बंद करून ही छोटी ब्रुअरी काढली. अजूनही माणसाच्या चेहऱ्याआधी दातांकडे बघतात.

"काका, दात स्वतःचे?"

"हो."

"सगळे?"

"एक सोडून."

झालं. मैत्री जमली.

डॉक्टरांनी टाकीची तोटी सोडून पेल्यात थोडी थोरली, म्हणजे माझी काळी बिअर, काढली. मी म्हटलं, ते घेत नाहीत. बाबा म्हणाले, "घेत नाही. चव बघायला काय हरकत आहे?" आणि खिशातून चमचा काढला. स्वतःचा! माणसं खिशात रुमाल ठेवतात.

सुर्रकन ओढली. टाकीमागे पाइप धुणारा आमचा मेकॅनिक दचकून बघायला आला. मग बाबांनी लांबच्या मोरीच्या जाळीवर नेम धरला. फरशीवर एक थेंब नाही.

"पोकळ आहे," म्हणाले. "सुरुवातीला गडबड फार. मग आत काही नाही."

डबा माझ्या हातात दिला, चमचा पुसून खिशात घातला आणि गेले. डब्यात भात होता. मला चमचा नव्हता.


८ फेब्रुवारी, बुधवार

पोकळ!


१२ फेब्रुवारी, रविवार

सुट्टी. बाबा खिडकीत, मी सोफ्यावर. सोफा हाच हल्ली माझा पलंग. आतली खोली त्यांना दिली आहे.

आई गेली त्याला पाच महिने होतील. दादा म्हणाला, बाबांनी एकटं राहायचं नाही. मग त्याने फोनवर वहिनीशी बोलून, वहिनीने त्याच्याशी बोलून, ते माझ्याकडे राहतील असं ठरलं. मला कळवण्यात आलं. एक सुटकेस, एक छत्री, एक चमचा.

त्रास काही देत नाहीत. फक्त शेरे देतात. उशी — "दबलेली." ऑम्लेट — "दूध घालायला नको होतं." शेजारचे गृहस्थ — "बोलण्यात दम नाही." चांगलं म्हणत नाहीत. फार आवडलं तर "चालेल." आईच्या हातच्या जेवणाला जन्मभर "चालेल"च मिळालं, आणि ती ते पदक मिळाल्यासारखं शेजारणीला सांगायची.

माझ्या लग्नाच्या वेळी मुलाला बघून म्हणाले होते, "टिकणार नाही." मी महिनाभर बोलले नाही. नंतर कळलं, ते केसांबद्दल म्हणाले होते. दोन्ही टिकलं नाही.

घरी चहा पीत नाहीत. कोमट पाणी. आईने संसारभर चहा एकटीने प्यायला.


१६ फेब्रुवारी, गुरुवार

आज डॉक्टरांनी बोलावून घेतलं. एप्रिलमध्ये सात हॉटेलांच्या बाई येणार आहेत. नाव वेगळं आहे, पण सात हॉटेलं आहेत म्हणून सगळे तसंच म्हणतात. त्यांना थोरली पाजायची. आवडली, सातही ठिकाणी ठेवली, तर थोरली राहील. नाही तर ती टाकी धाकटीला.

धाकटी म्हणजे आमची फिकी, हलकी बिअर. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्याऐवजी देता येते. खपते. डॉक्टरांचं घर धाकटीवर चालतं. माझंही. पण ती मी फक्त बनवते, माझी नाही. थोरली माझी. बेल्जियमच्या पद्धतीची, काळी, कडक. भाजलेलं माल्ट, करपवलेली साखर आणि तिकडचं हट्टी यीस्ट. मोठ्या पेल्यात थोडीशी ओतायची आणि तास काढायचा. कितीतरी वर्षं मी दुसऱ्यांच्या सांगण्यावरून बिअर बनवली. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, तुला हवी तशी कर.

"मॅडम, एकच संधी हं," डॉक्टर म्हणाले. दात उपटण्याआधी असंच म्हणत असतील.


२१ फेब्रुवारी, मंगळवार

बाबा आज पुन्हा आले. या वेळी डबा मी नेला होता, त्यामुळे कारण नव्हतं. "डॉक्टरसाहेबांनी फोन केला होता," म्हणाले. डॉक्टर म्हणाले, फोन काकांनीच केला होता.

स्वच्छ शर्ट, खिशात चमचा. टाकीसमोर हात मागे बांधून उभे. मी सांगितलं, तिकडे अशी बिअर मठातले साधू बनवत आलेत, शेकडो वर्षं.

"साधूंना दुसरं काम नव्हतं?"

"प्रार्थना होती."

"मग बरोबर."

चमचा, सुर्रकन, मोरी. डोळे मिटून उभे राहिले. कामावर असताना ते असेच दिसत असतील. मी कधी बघितलंच नव्हतं. मुलांना आत सोडत नसत.

"मनुका. काळ्या. साखर करपवलीस, ती नीट करपली आहे. लवंग किती घातलीस?"

"घातलीच नाही. यीस्टमुळे येते."

"न घालता?"

"हो."

"ही फसवणूक आहे," म्हणाले. पण पुन्हा चमचा बुडवला. मी विचारलं, अजून पोकळ आहे का.

"भरतेय. नवीन माणसासारखी आहे, सगळं एकदम सांगायला बघते."

डॉक्टरांनी ते वाक्य फळ्यावर लिहून ठेवलं. माझी एवढ्या वर्षांतली किती वाक्यं फळ्यावर गेली, हे आठवून बघितलं. आठवलं नाही.


२५ फेब्रुवारी, शनिवार

आत्याचा फोन. मी कपडे वाळत घालत होते, बाबा बाहेरच्या खोलीत बोलत होते.

"...हो, इथंच आहे तिच्याकडे. ...नाही, दवाखान्यात नाही. मालक डॉक्टर आहेत. ...पेयं बनवते. ...हो, थंड. ...प्रकृतीला? प्रकृतीला बेताने घेतलं तर बरं असावं."

चिमटे तोंडात धरून हसावं लागलं.


३ मार्च, शुक्रवार

बाटल्या भरल्या. हात सोलवटलेत.

भरायचं मशीन सकाळपासून रुसलेलं. मधेच नळी फुरफुरायची, फेस उसळायचा, बाटली अर्धी. मेकॅनिकने वायसर बदलला, मग दुसरा बदलला. डॉक्टर घड्याळाकडे बघत फेऱ्या मारत होते. टाकी मोकळी व्हायला हवी, धाकटी रांगेत उभी. मी म्हटलं, उद्या करू. डॉक्टर म्हणाले, आजच. मग आजच केलं. शेवटी शेवटी मशीन नीट चाललं.

प्रत्येक बाटलीत थोडी साखर, थोडं ताजं यीस्ट. मग झाकण. आता उबदार खोलीत ठेवायच्या, आत आपोआप वायू धरतो. आपण फक्त थांबायचं.

अंग असं दुखतंय की पेन धरवत नाही.


९ मार्च, गुरुवार

थांबणे चालू.


१५ मार्च, बुधवार

बाबांशी भांडण झालं. लिहायचं नव्हतं, पण दुसरं काही सुचत नाही.

भांडी घासत होते. बाबा टेबलाशी कोमट पाणी घेऊन बसलेले. म्हणाले, "त्या बाटल्यांचं काय करता आता?"

"काही नाही. थांबतो."

"माल चांगला असेल तर थांबायला कशाला लागतं? चहा असा नसतो. पेल्यात आला की काय ते कळतं."

"ही वेगळी असते. थांबलं की नीट होते."

"तुझ्या आईचंही हेच. थांबलं की नीट होईल. पोटात दुखत होतं तर थांबली. महिने थांबली."

हे बोलायला नको होतं त्यांनी. मीही पुढचं बोलायला नको होतं.

म्हटलं, "बाबा, बिअरची अर्धी चव घशात असते. गिळल्याशिवाय कळतच नाही. कडूपणा मागे राहतो का, ऊब कुठवर जाते, सगळं शेवटी कळतं. तुम्हाला शेवट कशाचा माहीतच नाही. शेवट यायच्या आत थुंकून मोकळे. आमच्या सगळ्यांबद्दल जन्मभर शेरे दिलेत ते अर्ध्या चवीवर."

त्यांनी पेला खाली ठेवला. आवाज न करता. खुर्ची आत सरकवली. आतल्या खोलीत गेले.

मी तीच बशी पुन्हा घासली.


१७ मार्च, शुक्रवार

बोलणं चालू आहे. "दार लावून घे." "घेतलं." एवढंच.


२१ मार्च, मंगळवार

डॉक्टर विचारतात, काका का येत नाहीत. म्हटलं, गुडघा दुखतो. डॉक्टर म्हणाले, "दातांचं असतं तर मी बघितलं असतं."


२६ मार्च, रविवार

सकाळी चहा ठेवला होता, माझ्यापुरता. बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "मलाही टाक."

मी वळून बघितलं नाही. पाणी वाढवलं.

टेबलावर दोन कप. त्यांनी कप दोन्ही हातांत धरून ठेवला, थंडी असल्यासारखा. चमचा काढला नाही. बऱ्याच वेळाने आपणहून बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, कपाकडे बघत. जसं आठवतंय तसं लिहून ठेवते.

"हॉस्पिटलात शेवटी शेवटी तुझी आई म्हणाली, आज माझ्याबरोबर चहा घ्या. तू दादाबरोबर औषधं आणायला गेली होतीस. मी खाली जाऊन आणला. कागदी पेले. ती एक घोट प्यायली, मी एक तोंडात घेतला. आणि थुंकायला काही नव्हतं. बेसिन लांब, नर्स समोर. मग गिळला."

"आईने बघितलं?"

"बघितलं. हसली. खूप दिवसांनी. मग म्हणाली, कसा आहे? मी सांगितलं, उकळून मेलाय, पानं जुनी आहेत, पाण्याला क्लोरिनचा वास आहे."

मी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"खराच तसा होता," बाबा म्हणाले. "ती म्हणाली, बरं. आणि पेला बाजूला ठेवला. मग परत चहा मागितला नाही."

खाली कोणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. आम्ही दोघं तो आवाज ऐकत राहिलो. मग बाबांनी कप उचलला आणि चहा प्यायला. सगळा. अगदी सावकाश, औषधासारखा. मी कसा झालाय विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.


२७ मार्च, सोमवार

बाबांचा गुडघा बरा झाला. डॉक्टरांना आश्चर्य वाटलं नाही.


३० मार्च, गुरुवार

पहिली बाटली उघडली! डॉक्टर, मेकॅनिक, मी. बाबा शेजारी उभे, पण म्हणाले, "तुम्ही बघा आधी."

झाकण निघताना छोटासा श्वास. फेस दाट, साईच्या रंगाचा. पेला उजेडात धरला तर काळी नाही, गडद तांबडी, जुन्या लाकडासारखी. नाकाशी नेली: मनुका, करपलेली साखर, मागे कुठेतरी मिरी. घोट घेतला आणि — ती पोकळ जागा भरली आहे. मधे काहीतरी आहे आता. ऊब घशातून खाली जाते, पण घाई करत नाही. शेवट कोरडा. पुढचा घोट मागणारा.

मेकॅनिक म्हणाला, "ही घरी नेली तर बायको दार उघडणार नाही." त्याच्याकडून ही मोठी दाद.

मी ब्रुअरीच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. रडले वगैरे नाही. फक्त बसले.


५ एप्रिल, बुधवार

शिंका. मेकॅनिककडून लागल्या. त्याला त्याच्या मुलीकडून.


९ एप्रिल, रविवार

नाक ठार बंद. सूप आणि गरम पाणी यातला फरक फक्त चमच्याला कळतो. साबण नाकाला लावून बघितला. काही नाही. कॉफीच्या डब्यात तोंड घातलं. काही नाही. बाबा दारातून बघत होते. "काय शोधतेस?" म्हणाले.

शुक्रवारी सात हॉटेलांच्या बाई येणार.


११ एप्रिल, मंगळवार

डॉक्टर म्हणतात, पुढे ढकलता येणार नाही, बाई परदेशी जाणार आहेत. म्हणतात, तीस तारखेला तर चाखली होतीस, झकास होती, आता काय होणार तिला? बरोबर आहे. पण मला ती त्या दिवशी चाखायची होती. पाहुण्यांसमोर मुलगी उभी करायची आणि आपण आंधळे.

डॉक्टरांच्या जिभेवर विसंबण्यात अर्थ नाही. आयुष्यभर लवंगेच्या तेलात बोटं घातलेला माणूस. त्यांना सगळ्यातच लवंग लागते.


१२ एप्रिल, बुधवार

बाबांना विचारलं.

म्हटलं, "शुक्रवारी तुम्ही चाखा. माझ्या जागी. काही खटकलं तर मला लगेच सांगा, मी ती बाटली बदलीन."

"बरं."

"गिळावी लागेल."

"माहीत आहे."

"आधी घरी एक उघडून बघायची का? सवय म्हणून?"

बराच विचार केला. म्हणाले, "नको. एकदाच गिळीन. दोनदा सांगू नकोस."

मग आत जाऊन शर्टाला इस्त्री करायला लागले. आज बुधवार आहे म्हटलं. म्हणाले, "असू दे."


१४ एप्रिल, शुक्रवार

नीट क्रमाने लिहिते, नाहीतर घोळ होईल.

बाई वेळेवर आल्या. उंच, साध्या, चपला आवाज न करणाऱ्या. बरोबर त्यांचा एक आचारी. डॉक्टरांनी त्यांच्या दातांकडे बघितलं आणि समाधान पावले. टेबल टाक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत, पांढरं कापड, पायाचे मोठे पेले. मी ओतलं. नाक गळत होतं, रुमाल बाहीत खोचलेला.

डॉक्टरांनी बाबांची ओळख करून दिली. चहाच्या कंपनीत हयात गेली, यांच्या जिभेवर बाजार हलायचा, वगैरे. बाबा म्हणाले, "बाजार हलायचा नाही. पोती हलायची."

बाईंनी पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला. आचाऱ्यानेही. मीही तोंडात घेतली: थंड, ओलं, फेसाळ, बस. कोणीतरी काचेपलीकडून बोलावं तशी.

मग बाई वळून बाबांना म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

हे ठरलेलं नव्हतं. खटकलं तर त्यांनी मला बाजूला घेऊन सांगायचं होतं. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते.

बाबांनी चमचा काढला नाही. पेला उचलला. थोडीशी तोंडात घेतली. घोळवली. त्यांची नजर आपोआप मोरीच्या जाळीकडे गेली, मी बघितलं. मग त्यांनी गिळली. गळा वर जाऊन खाली आला. डोळे मिटून तसेच उभे राहिले, पहिल्या दिवसांसारखेच, फक्त जरा जास्त वेळ. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. मी रुमालात नाक धरून उभी. लाल नाक, पाणावलेले डोळे, ध्यानच दिसत असणार.

"चांगली आहे," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही हातांनी टेबल धरलं. बाईंनी आचाऱ्याकडे बघितलं. आचारी म्हणाला, "जेवणानंतर देता येईल. गोड काही असेल त्याबरोबर." बाई म्हणाल्या, "सातही ठिकाणी ठेवू. पुढची टाकीही आमच्यासाठी लावा."

मग बरंच बोलणं झालं. मला नीट आठवत नाही.

घरी येताना बसमध्ये बाबा खिडकीशी. मी म्हटलं, थँक यू. म्हणाले, "सर्दीवर वाफ घे." जरा वेळाने म्हणाले, "पोटात गरम वाटतंय." म्हटलं, वाटतं तसं. "बराच वेळ राहतं का?" म्हटलं, थोडा वेळ. मान हलवली आणि बाहेर बघत राहिले.


१५ एप्रिल, शनिवार

चांगली आहे, म्हणाले. चालेल नाही.

माझ्या दहावीच्या निकालाला "ठीक" म्हणाले होते. दादाच्या बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा म्हणाले, "वजन बरं आहे." आज दिवसभर भांडी घासताना, लिफ्टमध्ये, दात घासताना ते दोन शब्द घोळवतेय.

दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "कोण, आपले बाबा?"


१८ एप्रिल, मंगळवार

डॉक्टरांनी सगळ्यांना जेवण दिलं. मला पुढच्या थोरलीसाठी टाकी दिली, शिवाय माझ्या मनाने आणखी एक बिअर करायची परवानगी. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "चांगली आहे — काका." मेकॅनिकने खाली तारीख टाकली.

बाबा जेवणाला आले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. दादाला फोन करत होते, न्यायला कधी येतोस म्हणून. म्हटलं, घाई काय आहे, राहा की. म्हणाले, "तुझा सोफा तुला परत मिळू दे."

सोफा आधीपासून माझ्याकडेच आहे. पलंग त्यांच्याकडे आहे. त्यांच्या ते लक्षात आलं नसावं. मीही सांगितलं नाही.


१९ एप्रिल, बुधवार

दादा येऊन घेऊन गेला. सुटकेस, छत्री. दारात बाबा थांबले, काहीतरी बोलणार असं वाटलं. म्हणाले, "उशी बदल."

घर एकदम मोठं झालंय. कोमट पाण्याचा पेला ओट्यावर पालथा. तो तसाच ठेवला.


२२ एप्रिल, शनिवार

पलंगावर झोपले. उशी खरंच दबलेली आहे.


२५ एप्रिल, मंगळवार

सकाळी साबणाचा वास आला. मग कॉफीचा. मग शेजारच्यांच्या करपलेल्या पावाचा. ब्रुअरीत गेल्या गेल्या थोरली उघडली.

मनुका आहेत. साखर आहे. गिळली, आणि मागून ओल्या पुठ्ठ्याची चव वर आली. दुसरी बाटली उघडली, तिसरी उघडली. सगळ्यांत तीच. बाटल्या भरताना आत हवा गेली, दुसरं काही नाही. चौदा तारखेलाही असणारच, एका रात्रीत येत नाही ती, हळूहळू चढते. बाईंचा माल गाडीत चढत होता. तो उतरवून घेतला, डॉक्टरांना पेला दिला, त्यांना कळेपर्यंत समोर उभी राहिले. मग बाईंना मीच फोन केला.

शेवटी बाबांना. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "सर्दी गेली?"

म्हटलं, गेली.

"मग कळलं असेल," म्हणाले.